दोन ‘फक्त’

“गणिताच्या कागदात शुद्धलेखन बघायचं, बाई. शब्द उपटायचा नाही. कवितेतला शब्द गेला तर एकटा कवी रडतो. गणितातला गेला तर कोण कोण रडेल, सांगता येत नाही.”

हे मला अनुस्वारकाकांनी सांगितलं होतं, मी छापखान्यात लागले त्याच्या तिसऱ्या दिवशी. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल, पण बत्तीस वर्षं प्रूफं तपासून त्यांची नजर अशी झाली होती की रस्त्यावरच्या पाटीकडे बघितलं तरी आधी गळलेला अनुस्वार दिसायचा आणि मग दुकान. एवढं सांगून ते चहाला गेले. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बोलू दे. मराठी घेऊन बी.ए. केलेली, वर्गात पहिली आलेली मी. पाल्हाळ कुठे आहे, पुनरुक्ती कुठे आहे, हे मला पानावर नजर टाकताक्षणी कळायचं. वाक्य सडपातळ करणं हे तर माझं कौशल्य. आता ते कुणी उपटणं म्हणत असेल तर म्हणो.

एरवी मी इशारे उडवून लावणारी बाई नाही. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मी भिंग लावून वाचते. गॅसचं बटण बंद करते, दाराला कुलूप लावते, कुलूप उघडून बटण पुन्हा बघते, आणि अर्ध्या जिन्यातून तिसऱ्यांदा वर येते तेव्हा शेजारच्या काकू विचारतात, आज कितवी फेरी? मुलीच्या दप्तरात माझा फोन नंबर तीन ठिकाणी लिहिलेला आहे आणि चौथा तिच्या बुटाच्या आत. नवरा म्हणतो, ही हरवलीच तर बूट फोन करेल. पण ती सगळी धास्ती घरच्यासाठी. कामावर मला कशाची भीती वाटत नसे. तिथे समोर शब्द असायचे, आणि शब्दांशी माझी जुनी ओळख.

मुलगी नऊ वर्षांची. घरात तिला सगळे पणती म्हणतात. हे माझ्या वडिलांनी पाडलेलं नाव, कारण बोलायला लागली तेव्हापासून तिचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू होतं. पण का? पण कधीपर्यंत? पण तू तर काल वेगळं म्हणालीस. वर्गशिक्षिका दर पालकसभेला सांगायच्या, मुलगी हुशार आहे हो, उत्तर द्यायचं सोडून वकिली करते एवढंच. मी तिथे हसून वेळ मारून न्यायची आणि घरी येताना रस्ताभर विचार करायची, हिचं पुढे कसं व्हायचं.

तर तो कागद.

आमच्या छापखान्यात औषधांची पत्रकं छापतात, वह्यांची मुखपृष्ठं छापतात, आणि वर्षातून एकदा गणित मंडळाची निवड परीक्षा. बारा शाळांतली पाचवीची निवडक मुलं ती परीक्षा देतात. पन्नास गुण. त्यातून पाच जणांचा संघ निवडतात आणि तो मोठ्या स्पर्धेला जातो. प्रश्न काढतात त्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात, उंचीने मात्र त्या माझ्या खांद्याला लागतात. पणती तेव्हा चौथीत होती, त्यामुळे तो कागद माझ्या टेबलावर यायला कुणाची हरकत असण्याचं कारण नव्हतं.

संगणकावर पानं लावणारी आमच्याकडची मुलगी म्हणाली, ताई, सातव्याची एक ओळ पुढच्या पानावर उडी मारतेय आणि तिच्या मागोमाग आठव्याची आकृतीपण चाललीय. मी जाऊन बघितलं. मोठ्या बाईंनी स्वतःच्या गोल, सुट्या अक्षरात लिहिलं होतं:

‘एका वर्गातील १८ मुले फक्त चित्रकला शिकतात, १४ मुले फक्त गायन शिकतात आणि ६ मुले दोन्ही शिकतात. प्रत्येक मूल किमान एक विषय शिकते. तर वर्गात एकूण मुले किती?’

तीनदा ‘शिकतात’. दोनदा ‘फक्त’. माझ्या हाताला अक्षरशः खाज सुटली. मी लाल पेन घेतलं आणि दोन ‘शिकतात’ काढले, दोन ‘फक्त’ काढले. उरलं ते असं: ‘एका वर्गातील १८ मुले चित्रकला, १४ मुले गायन आणि ६ मुले दोन्ही शिकतात.’ वाचून बघितलं. काय सुरेख चाल होती वाक्याला. ओळ मागे आली, आकृती जागेवर बसली, पानं लावणारी मुलगी म्हणाली, ताई, तुमचा हात म्हणजे ना. शेवटचं प्रूफ खरं तर मोठ्या बाईंनी बघायचं असतं, पण त्या आठवड्यात त्यांचं डोळ्याचं काहीतरी निघालं होतं. त्यांनी फोनवर विचारलं, तुम्ही बघितलंत ना नीट? मी हो म्हटलं. मग झालं, त्या म्हणाल्या. मी कोपऱ्यात ‘छपाईस योग्य’ लिहिलं, खाली सही केली आणि दुसऱ्या कामाला लागले.

आठ दिवसांनी शाळेतून निरोप आला. पाचवीतलं एक मूल गाव सोडून गेलंय, जागा रिकामी आहे, तुमच्या मुलीला वर्षभर आधीच बसवून बघू का? पणती उड्या मारायला लागली. संघात जायचं हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. स्पर्धेला मुलं आगगाडीने जातात, तीन दिवस राहतात, आणि सगळे दिवसभर गणितंच बोलतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मला मात्र आगगाडी, तीन दिवस आणि नऊ वर्षं हे तीन शब्द एकापुढे एक दिसायला लागले. तरी हो म्हटलं. कागदातलं अक्षरही मी घरी बोलले नव्हते, बोलायचा प्रश्नच नव्हता, आणि खरं सांगायचं तर तोवर मला त्यातलं काही आठवतही नव्हतं.

निकाल लागला तेव्हा पणती सहावी आली होती. बेचाळीस गुण. पाचव्या मुलाला त्रेचाळीस.

उत्तरपत्रिका पालकांच्या सहीसाठी घरी आली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती उघडली. सातव्या प्रश्नाला दोनपैकी शून्य, आणि लाल शाईत शेरा: ‘एकच उत्तर लिहावे.’ पणतीने तिथे दोन चित्रं काढली होती. एका चित्रात दोन गोल एकमेकांत अडकलेले. दुसऱ्यात तीन वेगळे खण. खाली तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘सहा जण अठरात आणि चौदात धरले असतील तर २६. धरले नसतील तर ३८. प्रश्न विचारणाऱ्याने सांगावे.’

शेवटचं वाक्य मी बोटाने झाकलं. मोठ्यांशी असं बोलतात का? मी म्हटलं, अगं, साधं तर आहे. अडतीस. एवढं सरळ सोडून कशाला फाटे फोडायचे?

“कशावरून अडतीस?” पणती म्हणाली. ती रडत वगैरे नव्हती. पेन्सिलीचं टोक बघत होती.

“अगं, अठरा मुलं फक्त चित्रकला शिकतात. चौदा फक्त गायन. आणि सहा...”

“पण ‘फक्त’ कुठे लिहिलंय?”

मी प्रश्नपत्रिका ओढली. बोट ठेवून वाचलं. ‘फक्त’ नव्हता. पुन्हा वाचलं. मला तो शब्द कागदावर दिसत नव्हता आणि तरी माझ्या डोक्यात होता, गोल, सुट्या अक्षरातला, एकदा नाही, दोनदा. त्या बारा शाळांत तो शब्द माहीत असलेली माणसं तीनच होती. एक मोठ्या बाई, एक पानं लावणारी, आणि एक मी, जिने तो काढला.

“आई?” पणती म्हणाली. “तुला काय झालं?”

काही नाही म्हटलं. सही केली. माझी सही त्या दिवशी मला फारच ओळखीची वाटली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. संध्याकाळी तो हातातलं ग्रीस धूत असताना मी त्याला सगळं सांगितलं. त्याने नळ बंद केला आणि ऐकून घेतलं. मग म्हणाला, आमच्याकडे लिफ्टमध्ये ‘सहा माणसे’ एवढंच लिहितात, आणि लोक सहा माणसं आणि एक कपाट घेऊन चढतात. वर विचारतात, कपाट माणूस आहे का? मी म्हटलं, थट्टा करू नकोस, माझी नोकरी जाईल. तो म्हणाला, थट्टा कुठे करतोय. तुझ्या नोकरीचं मला कळत नाही. पण पोरीला आत्ता वाटतंय की तिला प्रश्न वाचता येत नाही, आणि तिला तर तो छापखान्यापेक्षा जास्त नीट वाचता आला. एवढं बोलून त्याने नळ परत सोडला.

तो सोमवार होता. संघाची नावं शुक्रवारी पुढे पाठवायची होती. मंगळवारी मी कामावर गेले आणि कुणाला काही बोलले नाही. मनाची समजूत घालत राहिले. नऊच वर्षांची तर आहे, पुढच्या वर्षी हक्काची परीक्षा आहेच. शिवाय आगगाडी टळली. स्वतःची चूक झाकायला आईपणाची काळजी किती पटकन पुढे येते, हे मला त्या दिवशी कळलं आणि जरा लाजही वाटली.

बुधवारी सकाळी वेणी घालताना पणती म्हणाली, आई, मी ठरवलंय. पुढच्या वेळी मी एकच उत्तर लिहीन. मी विचारलं, कुठलं? ती म्हणाली, तपासणाऱ्यांना जे हवं असेल ते. तू म्हणतेस तसं, फाटे फोडणार नाही.

तिच्या आवाजात रुसवा नव्हता, आणि मला त्याचीच धडकी भरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या वाक्यात ‘पण’ नव्हता. संघ राहिला बाजूला, ही मुलगी माझ्या डोळ्यांदेखत स्वतःचं वाचणं सोडून द्यायला निघाली होती, आणि तेही मी पुसलेल्या शब्दासाठी. मी वेणी अर्धवट सोडून म्हटलं, ठरवू नकोस. शुक्रवारपर्यंत काही ठरवू नकोस. ती म्हणाली, वेणीचं की गणिताचं? मी म्हटलं, दोन्ही.

छापखान्यात पोचल्या पोचल्या मी कपाटातून मूळप्रत काढली आणि अनुस्वारकाकांच्या पुढे ठेवली. शेजारी छापील कागद ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मी वाट बघत होते की आता म्हणतील, सांगितलं नव्हतं का? ते म्हणाले, “दोन ‘शिकतात’ काढलेस ते चांगलं केलंस. तेवढ्यावर थांबायचं होतं.” मग मूळप्रत घडी न पाडता एका पाकिटात घातली आणि माझ्या हातात दिली. मालकांना मी सांगतो, तू आधी बाईंकडे जा, म्हणाले.

पण मालकांना मीच सांगितलं. मालक माणूस वाईट नाहीत, त्यांना नुसता घाम लवकर फुटतो. ते म्हणाले, बारा शाळांचं काम आहे हे, हातचं जाईल. बाईंचं अक्षर लागलं नाही असं सांगू या का? मी म्हटलं, त्यांचं अक्षर आपल्या छापील अक्षरापेक्षा स्पष्ट आहे, आणि ते त्यांनाही माहीत आहे. मालकांनी रुमाल काढला. जा, म्हणाले, जायचंच असेल तर जा, आणि छापखान्याचं नाव जरा हळू आवाजात घ्या.

मोठ्या बाईंच्या घरी जेवणाच्या टेबलावर सह्या होऊन परत आलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, शाळेप्रमाणे दोरीने बांधलेले. एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती. बसा, म्हणाल्या. मी बसले नाही. दारातून आत येतानाच दोन गोष्टी बोलून टाकायच्या असं ठरवलं होतं, नाहीतर दुसरी राहून गेली असती. म्हटलं, सातव्या प्रश्नातले तुमचे दोन शब्द मी काढले, तुम्हाला न विचारता. आणि ज्या मुलांचे गुण त्यामुळे गेले त्यांत माझी चौथीतली मुलगी आहे.

बाईंनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे नीट बघितलं. “म्हणजे मुलीसाठीच आलात.”

“मुलीसाठीही,” मी म्हटलं.

त्यांच्या ओठाचा कोपरा थोडा हलला. गणिताची माणसं, एका अक्षराचा फरक त्यांना बरोबर कळतो. हात पुढे करून त्यांनी पाकीट घेतलं.

वाचून झाल्यावर मात्र त्यांनी मला सोडलं नाही. चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, पण मला शाळेतली मुलगी करून टाकलं. मी तुमच्या भरवशावर सोडलं होतं, म्हणाल्या. हा प्रश्न काढायला मला दोन दिवस लागले. मुलं हमखास गोंधळतात म्हणून मी तो ‘फक्त’ दोनदा लिहिला, एकदा लिहिला असता तर दुसऱ्या गटाचं काय असं कुणीतरी विचारलं असतं. तुम्हाला ती पुनरुक्ती वाटली. माझ्या दृष्टीने तो कठडा होता. मी ऐकून घेतलं. खोटं काय होतं त्यात?

मग बाईंनी एक गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, सोडा ती दोरी. मोजू या.

आम्ही दोघींनी मिळून एकशे बारा उत्तरपत्रिका उघडल्या, सातवा प्रश्न काढून चार ढीग केले. अडतीस लिहिणारी त्रेसष्ट मुलं. सव्वीस लिहिणारी सेहेचाळीस. कोरं सोडलेली दोन. आणि चौथ्या ढिगात एकच कागद, दोन चित्रांचा.

बाईंनी सव्वीसच्या ढिगावर हात ठेवला. “सेहेचाळीस मुलं जेव्हा तीच चूक करतात, तेव्हा तपासणाऱ्याने थांबायला हवं. आम्हीही थांबलो नाही. उत्तरसूचीत अडतीस होतं, त्यामुळे पुढे वाचलंच नाही कुणी.” मग चौथ्या ढिगातला कागद उचलला आणि चांगल्या डोळ्याजवळ नेला. शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. प्रश्न विचारणाऱ्याने सांगावे. पुन्हा एकदा वाचलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, की लहान आहे, बोलायचं कळत नाही. त्याआधीच त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी अशा वाक्याची वाट बघितली. ही चौथीतली?”

हो, म्हटलं. तिथे उभी राहून मला मोठ्याने सांगावंसं वाटत होतं की हिच्या बुटात माझा नंबर आहे, ही मोजे उलटे घालते, वेणी घालताना पंधरा मिनिटं भांडते, आणि ही माझी आहे. त्याऐवजी मी टेबलाची कड घट्ट धरली.

बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी ही परीक्षेला बसणार नसती तर छापायच्या आधी मी कागद हिलाच वाचायला दिला असता. एखाद्या मुलाला दाखवल्याशिवाय मात्र आता कागद छापायला जाणार नाही, तुमच्याकडे काय आणि कुणाकडे काय.

गुरुवारी सगळे गुण नव्याने लावले. सव्वीस लिहिणाऱ्यांना दोन, अडतीस लिहिणाऱ्यांचे दोन कायम, दोन्ही लिहिणारीला दोन. बारा शाळांना खुलाशाचं पत्र गेलं. ते आमच्याच छापखान्यात छापलं, आणि त्याचं प्रूफ मीच तपासलं. ‘मुद्रितशोधकाच्या चुकीमुळे’ हे शब्द मी तीनदा वाचले. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मालकांनी सहा महिने माझ्या प्रत्येक कागदावर अनुस्वारकाकांची दुसरी सही लागेल असं सांगितलं. मला वाटलं होतं त्याहून हे बरंच स्वस्तात सुटणं होतं. काकांनी त्यावर एवढंच केलं, की पणतीचं ‘प्रश्न विचारणाऱ्याने सांगावे’ हे वाक्य स्वतःच्या हाताने पुठ्ठ्यावर लिहिलं आणि तपासणीच्या टेबलावर, दोघांना दिसेल असं, टाचलं. औषधाच्या पत्रकात ‘दिवसातून दोन गोळ्या’ असं आलं की ते आता माझ्याकडे बघतात आणि बोट त्या पुठ्ठ्याकडे करतात. एका वेळी दोन की दोन वेळा एक? आम्ही फोन लावून विचारतो. कंपनीतले लोक वैतागतात. वैतागू देत.

पणतीला मी त्याच गुरुवारी सांगितलं, ती शाळेतून आली तेव्हा, बूट काढायच्या आधीच. सांगायला सोपं नव्हतं. मुलांना आपली आई चुकते हे माहीत असतं, पण आई स्वतःहून येऊन सांगते तेव्हा ती जरा घाबरतात. म्हटलं, तो शब्द कागदावर होता. मी काढला. तू बरोबर वाचलंस, मी चुकीचं छापलं.

तिने एक बूट काढला, दुसरा पायातच ठेवला. मग म्हणाली, “म्हणजे दोन चुका की एक? ‘फक्त’ तर दोन होते.”

मी म्हटलं, तू सांग.

“काढायचं एकदाच ठरवलंस ना? मग एक. पण दोनदा पेन फिरवलंस, म्हणजे दोन.” तिने विचार केला. “दोन्ही लिहू का?”

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. नवरा बाहेरून विचारत होता, काय झालं, कोण पडलं? ‘पण’ परत आला होता.

चव्वेचाळीस गुणांनी ती पाचवी आली. संघात घेतली. मी तिच्या बॅगेत काय काय भरलं आणि नवऱ्याने त्यातलं काय काय परत काढलं, ते सांगत बसत नाही. स्थानकावर ती डब्यात चढली आणि खिडकीशी बसताच शेजारच्या, तिच्याहून डोकंभर उंच मुलीला काहीतरी समजावून सांगायला लागली, हातांनी दोन गोल करून. मी फलाटावर उभी होते आणि मला त्या दिवशी कशाचीच भीती वाटत नव्हती. असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही, म्हणून लिहून ठेवते. संघ स्पर्धेत चौथा आला. पणती म्हणते, एका प्रश्नात शब्द कमी होता, आणि तिने तो तिथल्या परीक्षकांना विचारला. त्यांनी सगळ्या मुलांसाठी फळ्यावर लिहिला.

आता जे सांगायचं राहिलं आहे ते.

संघात जागा पाचच असतात. पणती आत आली तेव्हा त्रेचाळीस गुणांचं जे मूल पाचवं होतं, ते सहावं झालं. मोठ्या बाईंना मी विचारलं, सहा नाही का घेता येणार? त्यांनीही विचारून बघितलं होतं. नियम पाचाचा. त्या मुलाचं नाव त्यांनी मला सांगितलं नाही, सांगायला नकोच होतं. यादीत मला दिसला तो परीक्षा क्रमांक, सत्तेचाळीस. शाळाही कळली नाही. मुलगा की मुलगी तेही माहीत नाही. ढिगातल्या त्या क्रमांकाच्या कागदावरून एवढं माहीत आहे की त्या मुलाने सातव्या प्रश्नाला अडतीस लिहिलं होतं, सुबक आकड्यात, खाली दोन रेघा मारून. आणि ते उत्तर बरोबर होतं.

सोमवारी त्याला सांगितलं असेल, तू संघात आहेस. शुक्रवारी सांगितलं असेल, नाहीस. मधले चार दिवस त्याच्या घरात कुणी बॅग काढून ठेवली असेल, कुणी शेजारी सांगून आलं असेल. खुलाशाच्या पत्रात सगळं रीतसर लिहिलं होतं, मीच तर तपासलं, पण पत्र मुख्याध्यापकांच्या नावाने होतं. दहा वर्षांच्या मुलाला त्यातलं कुणी काय सांगितलं, कसं सांगितलं, की नुसतंच म्हणाले, तुझं नाव निघालं? तिचं नाव संघात आलं त्याच दिवशी पणतीने मला हेच विचारलं होतं. पण त्याचं उत्तरही बरोबर होतं ना? हो, म्हटलं. मग त्याला माहितीये का?

मला शोधता येत नाही. बाई सांगणार नाहीत, आणि बारा शाळांच्या फाटकांवर उभी राहून मी मुलांना क्रमांक विचारत फिरले तर नवरा मला न्यायला येईल. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात, तुमच्या जिन्यात, तुमच्या वर्गात यंदा ती परीक्षा दिलेलं मूल असेल तर त्याला सहज विचारा, तुझा क्रमांक किती होता रे, किती होता गं? सत्तेचाळीस म्हणालं, तर त्याला सांगा की तुझं काही चुकलं नव्हतं, एका प्रूफ तपासणारीचं चुकलं होतं, आणि ती तुझं उत्तर विसरलेली नाही. आणि ते गणिताची वही अजून उघडतंय की नाही, तेवढं एकदा जवळ बसून बघा.